उतरण्याआधीच पुढचा विसार

सिंगापूरहून सुटणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझमध्ये एखादा दिवस निव्वळ पाण्याचा असतो. जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही, वायफायचे पैसे भरले नसतील तर फोन मुका, आणि बुफेवर इडलीपासून ऑम्लेटपर्यंत सगळं चाखून झालं की अकराच्या सुमारास माणसं डेकवर उगाच हिंडू लागतात. नेमक्या याच वेळी मधल्या मजल्यावरच्या एका काउंटरसमोरच्या खुर्च्या भरतात. मागच्या पडद्यावर अलास्काची हिमनदी सरकत असते, टेबलावर माहितीपत्रकांचा गठ्ठा, आणि पलीकडे ‘मग, पुढची सफर कुठे?’ असं घरच्यासारखं विचारणारा कर्मचारी. पहिल्या संध्याकाळी हेच काउंटर ओस होतं. तेव्हा लोक आपली केबिन जहाजाच्या कुठल्या टोकाला आहे ते शोधत होते.

या काउंटरवर पुढची क्रूझ विकली जाते, तीही चालू क्रूझ संपायच्या आत. रॉयल कॅरिबियन त्याला ‘नेक्स्टक्रूझ’ म्हणते, नॉर्वेजियन ‘क्रूझनेक्स्ट’. इतरांच्या पाट्या वेगळ्या, धंदा तोच. कंपनीला याहून चांगलं गिऱ्हाईक मिळणं अवघड. ते समोर बसलंय, खुशीत आहे, दुसरीकडे जाऊन भाव विचारण्याची त्याला फारशी सोय नाही. दोन दिवसांनी मुंबई विमानतळाबाहेर टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालताना ते इतकं खुशीत राहणार नाही, हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं.

मराठी माणसाला यातला व्यवहार नवा नाही. मंगल कार्यालयाला विसार देऊन तारीख अडवायची, केटररशी मागाहून बोलायचं, हे घराघरांत चालतं. जहाजावरचं बुकिंग हा तसाच विसार आहे. प्रश्न एवढाच, की लग्न मोडलं तर विसार परत मिळतो की बुडतो? इथे प्रत्येक कंपनीचं उत्तर वेगळं आहे, आणि रांगेत उभ्या असलेल्या बहुतेकांनी ते विचारलेलं नसतं.

विसाराचे ढोबळ प्रकार दोन. पहिल्यात जहाज, तारीख, केबिन काहीच ठरवायचं नाही; नुसती रक्कम भरून ठेवायची आणि ठरावीक मुदतीत ती कुठल्याही सफरीला लावायची. प्रिन्सेस कंपनीची अशी योजना बरीच जुनी आहे: माणशी १०० डॉलर भरायचे, पुढचं बुकिंग केलं की जहाजावर खर्चायला काही रक्कम मिळते, मुदतीत वापरले नाहीत तर भरलेले पैसे परत. डिस्नेच्या जहाजांवर केबिनमागे २५० डॉलर भरून ठेवता येतात आणि बहुतेक सफरींच्या भाड्यात दहा टक्के सूट मिळते. नॉर्वेजियनची तऱ्हा निराळी. तिथे प्रमाणपत्रं विकत घ्यायची असतात, अधूनमधून एकाच्या भावात दोन अशी योजनाही निघते, पण ती रक्कम रोख स्वरूपात परत मिळत नाही आणि एका बुकिंगला किती प्रमाणपत्रं लावता येतील यालाही मर्यादा असते. सोसायटीतल्या कुणाला दोन मिळाली आणि दुसऱ्याची मुदत कपाटातच संपली, अशी गोष्ट त्यातूनच घडते.

दुसरा प्रकार म्हणजे थेट बुकिंग. अमुक जहाज, तमुक तारीख, केबिनचा नंबरसुद्धा पक्का. काउंटरवरच्या माणसाला हाच प्रकार विकायला आवडतो.

आता फायदा. भाड्यात मोठी सूट मिळते अशी अनेकांची समजूत असते, पण डिस्नेसारखे अपवाद सोडले तर जहाजावरचं भाडं सहसा किनाऱ्यावरच्या भाड्याएवढंच असतं. वरचं जे काही मिळतं ते ‘ऑनबोर्ड क्रेडिट’च्या रूपात, म्हणजे पुढच्या सफरीत जहाजावरच खर्च करायची रक्कम. शिवाय विसार नेहमीपेक्षा कमी भरावा लागतो. रात्री जितक्या जास्त आणि केबिन जितकी महाग, तितकं क्रेडिट मोठं. चार रात्रींच्या आतल्या केबिनला ते इतकं किरकोळ असतं की दोघांच्या एका संध्याकाळच्या पेयांत संपावं. बारा रात्रींच्या बाल्कनीला मात्र ते जाणवण्याइतकं होतं.

क्रेडिट म्हणजे रोख नव्हे, हे शेवटच्या रात्री कळतं. बरंचसं क्रेडिट न वापरल्यास परत मिळत नाही. म्हणून अखेरच्या रात्री जहाजावरच्या दुकानात एक ठरलेलं दृश्य दिसतं: हातात रिसेप्शनवरून आणलेला हिशेबाचा कागद, त्यावर ‘शिल्लक ३१ डॉलर’, आणि समोर जहाजाचं चित्र असलेले मग, टोप्या, फ्रिजला लावायची चुंबकं. ज्या मगाकडे पहिले तीन दिवस कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, तो आता दोन-दोन घेतला जातो. घरात अशा मगांची रांग लागलेली मंडळी या व्यवहाराबद्दल फार उत्साहाने बोलतात, हा योगायोग नसावा.

मात्र एक फायदा खरा आहे आणि माहितीपत्रकात त्याला फारशी जागा नसते. त्याच जहाजावर, किंवा त्याच्या जुळ्या भावंडावर, पुन्हा जायचं असेल तर केबिन डोळ्यांनी पाहून निवडता येते. नकाशावर नवव्या मजल्यावरच्या सगळ्या चौकोनांची किंमत जवळपास सारखी. प्रत्यक्षात एका केबिनच्या डोक्यावर पोहण्याच्या तलावाचा डेक असतो आणि तिथल्या खुर्च्या पहाटे साडेपाचला ओढल्या जातात. दुसरी लिफ्टला खेटून. तिसरी जहाजाच्या पुढच्या टोकाजवळ, तिथे नांगर सोडताना साखळीचा खडखडाट थेट उशीत येतो. गुडघे दुखणाऱ्या आईला लिफ्टपासून केबिनपर्यंत किती पावलं पडतात, हे जहाजावर चालून मोजता येतं. ठाण्याच्या घरात लॅपटॉपसमोर बसून नाही. जाणकार प्रवासी समुद्रातल्या दिवशी दुपारी नकाशा हातात घेऊन वरच्या-खालच्या मजल्यांवर फेरी मारतात आणि मग काउंटरवर बसतात.

दुसरा खरा फायदा नव्या जहाजांचा. रॉयल कॅरिबियनच्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चं बुकिंग ऑक्टोबर २०२२ मध्ये खुलं झालं, जहाज मायामीहून पहिल्या सफरीला निघालं ते जानेवारी २०२४ मध्ये. वीस डेकांचं, अडीच लाख टनांच्या घरातलं हे अवाढव्य जहाज, तरीही त्यातल्या काही विशिष्ट केबिनना इतकी मागणी होती की सवा वर्ष आधी हात घालणाऱ्यालाच त्या मिळाल्या. चौघांच्या कुटुंबाला एकत्र झोपता येईल अशा केबिन कुठल्याही जहाजावर मोजक्याच असतात. ज्यांना दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी सोडून जाताच येत नाही, त्यांनी लवकर हात घालण्यात अर्थ आहे.

पण नवं जहाज म्हणजे वेळापत्रक पक्कं, असंही नाही. सिंगापूरहून सुटणारं ‘डिस्ने ॲडव्हेंचर’ १५ डिसेंबर २०२५ ला निघायचं होतं. नाताळच्या सुट्टीवर डोळा ठेवून लोकांनी वर्षभर आधी केबिन घेतल्या. नोव्हेंबरमध्ये कंपनीने कळवलं की पहिली सफर आता १० मार्च २०२६ ला. कंपनी पैसे परत करते किंवा दुसरी तारीख देते, पण ज्यांनी विमानाची तिकिटं काढली, रजा मंजूर करून घेतल्या, त्यांना सगळा खेळ नव्याने मांडावा लागतो. मार्चमध्ये तर आपल्याकडे परीक्षा असतात.

आता पैशांकडे. काउंटरवर ‘आजचा भाव पक्का’ असं वाक्य हमखास ऐकू येतं. पक्का होतो तो डॉलरमधला भाव. भरायचा असतो रुपयांत, आणि विसार सोडून बाकी रक्कम कितीतरी महिन्यांनी. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ७५ रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. समजा ३,००० डॉलर बाकी आहेत. पंचाहत्तरच्या भावाने ते सव्वादोन लाख, नव्वदच्या भावाने दोन लाख सत्तर हजार. मधले पंचेचाळीस हजार कुठल्याही क्रेडिटने भरून निघत नाहीत. हा फटका किनाऱ्यावर येऊन उशिरा बुकिंग करणाऱ्यालाही बसतोच, हे खरं. पण त्याने निदान ‘भाव पक्का’ अशी गाठ मनाशी मारलेली नसते आणि तो पाहिजे तर गोव्याला जाऊ शकतो. त्यात विसार कार्डाने भरला की बँकेचा दोन ते साडेतीन टक्क्यांच्या घरातला परकीय चलनाचा आकार आणि त्यावर जीएसटी. हा खर्च काउंटरवरच्या पावतीत नसतो, महिन्याच्या बिलात निघतो.

भाडंही स्थिर राहत नाही. विमानाच्या तिकिटासारखं ते रोज हलतं. अमेरिकेतल्या प्रवाशांना याची सवय आहे. बुकिंग केल्यानंतर ते आठवड्याला एकदा भाव तपासतात, आणि शेवटच्या हप्त्याची तारीख उलटायच्या आत भाव उतरला तर कंपनीला फोन करून नवा भाव लावून घेतात. परतावा न मिळणाऱ्या प्रकारात हे इतकं सोपं नसतं. अशा बुकिंगला भाडं थोडं कमी असतं म्हणून लोक तेच घेतात. मग जहाज किंवा तारीख बदलायची म्हटलं तर माणशी दंड. रॉयल कॅरिबियनमध्ये तो वर्षानुवर्षं १०० डॉलर राहिला आहे. चौघांचे चारशे. ज्या क्रेडिटसाठी रांगेत उभं राहायचं ते याच्यापुढे कुठे राहिलं?

शेवटच्या हप्त्याची तारीखही आधीच कॅलेंडरवर मांडून पाहावी. पाच किंवा जास्त रात्रींच्या सफरीला ती साधारण नव्वद दिवस आधी येते, त्यानंतर रद्द केलं तर कापणी सुरू होते आणि सफर जवळ आली की सगळे पैसे जातात. दिवाळीची क्रूझ असेल तर पूर्ण रक्कम आषाढ-श्रावणातच गेलेली असते. त्या वेळी मुलाच्या क्लासच्या परीक्षा, ऑफिसातली रजा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची तब्येत यांतलं काहीच ठरलेलं नसतं.

व्हिसाचं घोडं तर आणखी पुढे अडतं. काउंटरवरच्या पडद्यावरची अलास्काची हिमनदी सिअॅटल किंवा व्हँकुव्हरहून गाठायची असते. म्हणजे अमेरिकेचा व्हिसा, आणि बऱ्याच मार्गांवर कॅनडाचाही. २०२२-२३ मध्ये मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीसाठी पाचशे दिवसांहून जास्त थांबावं लागत होतं. त्या काळात कुणी सिंगापूरच्या जहाजावर बसून पुढच्या जूनची अलास्का पक्की केली असेल, तर त्याने विसार दिला हिमनदीला आणि वाट पाहिली मुलाखतीच्या तारखेची. व्हिसा नाकारला म्हणून क्रूझ कंपनी पैसे परत करत नाही.

ग्रुप टूरने गेलेल्या मंडळींची फसगत वेगळ्याच ठिकाणी होते. पुण्या-मुंबईच्या टूर कंपन्यांच्या भाड्यात विमान, व्हिसा, हॉटेल, बस, टूर लीडर, कधी कधी थर्मासातला चहासुद्धा असतो. जहाजावर मिळालेला आकडा त्यापुढे एकदम स्वस्त वाटतो. ‘बघा, आपल्याला तिथे किती लावले!’ असं शेजारच्या टेबलावर ऐकू येतं. पण काउंटरवर मिळते ती फक्त केबिन आणि जेवण. विमान वेगळं, आदल्या रात्रीचं हॉटेल वेगळं, बंदराचे कर वेगळे दाखवलेले, आणि बहुतेक मोठ्या जहाजांवर माणशी रोजचे पंधरा-वीस डॉलर टिप म्हणून हिशेबात आपोआप चढतात. शिवाय बंदरावर उतरल्यावर हातात छोटा झेंडा घेऊन पुढे चालणारं कुणी नाही. ज्यांना हे जमतं त्यांचे पैसे वाचतात. ज्यांना झेंड्यामागे चालायचं आहे त्यांनी दोन आकड्यांची तुलनाच करू नये.

एजंटाचा मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही. चालू सफर ज्या एजंटाकडून घेतली, पुढचं बुकिंग सहसा त्याच्याच नावावर जातं, आणि तसं नको असेल तर तिथेच सांगावं लागतं. एजंट चांगला असेल तर हे सोयीचंच. काही चुकलं तर भांडायला कुणीतरी ओळखीचं असतं. जहाजावरचा तो गोड बोलणारा कर्मचारी तोवर दुसऱ्या समुद्रात, दुसऱ्या जहाजावर गेलेला असतो.

सगळ्यांत मोठा धोका मात्र काउंटरवर कुणी उच्चारत नाही: कंपनीच उरली नाही तर? मुंबईकरांना हे दूरचं वाटू नये. एप्रिल २०१९ मध्ये मुंबईहून ‘कर्णिका’ नावाचं जहाज मोठ्या थाटात सुरू झालं. जलेश क्रूझेस ही भारतीय कंपनी, जहाज १९९० सालचं, सुमारे ७० हजार टनांचं. वर्ष उलटतं न उलटतं तोच कोविड आला, जहाज मुंबईच्या समुद्रात उभं राहिलं, कंपनी बंद पडली आणि २०२० संपायच्या आत कर्णिका अलंगच्या भंगार किनाऱ्याला लागली.

त्याच साथीत जगभरच्या कंपन्यांनी रद्द झालेल्या सफरींचे पैसे परत देण्याऐवजी पुढच्या सफरीसाठी क्रेडिट देऊ केलं, काहींनी तर भरलेल्या रकमेच्या १२५ टक्के. ज्यांची कंपनी टिकली त्यांचं भलं झालं. पण जानेवारी २०२२ मध्ये गेंटिंग हाँगकाँग हा समूह कोसळला. दोन हजारच्या दशकात मराठी ग्रुप टूरमध्ये सिंगापूर-मलेशियासोबत ज्या ‘स्टार क्रूझ’ची रात्र असायची, ती याच घरातली. याच घराची अमेरिकेतली श्रीमंती थाटाची कंपनी क्रिस्टल. तिचं ‘क्रिस्टल सिंफनी’ हे जहाज २२ जानेवारी २०२२ ला मायामीला लागायचं होतं, पण इंधनाच्या थकलेल्या लाखो डॉलरांच्या बिलापायी तिथल्या न्यायालयाने जहाज जप्त करण्याचा हुकूम काढला होता. कप्तानाने सुकाणू बहामाच्या बिमिनी बेटाकडे वळवलं आणि प्रवाशांना फेरीबोटीने फ्लोरिडात पोचवण्यात आलं. त्याच जहाजावर त्याच आठवड्यात कुणी पुढच्या सफरीचा विसार भरला असेल, तर तोही कंपनीकडून पैसे येणं असलेल्यांच्या लांबलचक यादीतला एक झाला. गेंटिंगने जर्मनीतल्या विस्मारच्या गोदीत अर्धवट सोडलेलं राक्षसी जहाज पुढे डिस्नेने विकत घेतलं. तेच आजचं ‘डिस्ने ॲडव्हेंचर’.

ब्रिटनमध्ये पर्यटकांचे पैसे कंपनी बुडाली तरी सुरक्षित राहावेत म्हणून हमीच्या व्यवस्था आहेत, अमेरिकेतही आपल्या बंदरांतून सुटणाऱ्या क्रूझ कंपन्यांना काही आर्थिक हमी द्यावी लागते. परदेशी जहाजावर डॉलरमध्ये विसार भरून डोंबिवलीला परतलेल्या माणसाच्या हातात कार्डाची पावती आणि एक ई-मेल, एवढंच असतं. देशातल्या देशात फिरायचं तर ‘एम्प्रेस’ जहाजावरून कॉर्डेलिया कंपनीची मुंबई-गोवा-लक्षद्वीप अशी सफर २०२१ पासून सुरू आहे. तिथे रुपयांत व्यवहार होतो, व्हिसा लागत नाही, डॉलरची भीती नाही. तरी विसार परत मिळतो का, हा प्रश्न तिथेही विचारायचाच.

मग काउंटरकडे फिरकूच नये का? असंही नाही. भारतातून वर्ष-दोन वर्षांत एकदा जाणाऱ्या कुटुंबाने तारीख आणि केबिन पक्की करणारं, परतावा न मिळणारं बुकिंग जहाजावर करू नये, असं स्पष्ट म्हणता येतं. तारीख नसलेला, न वापरल्यास परत मिळणारा छोटा विसार मात्र वाईट सौदा नाही. अट एवढीच, की मुदत संपायची तारीख घरी आल्याआल्या कॅलेंडरवर लिहिली जावी. कागदावर तीन गोष्टी शोधायच्या: पैसे परत की नाही, मुदत कधीपर्यंत, आणि क्रेडिट कुठल्या सफरींना चालत नाही. कर्मचाऱ्याने तोंडी सांगितलं आणि कागदावर नाही, ते नाहीच.

हा सगळा खटाटोप खरा कुणाला फळतो, ते न्यू जर्सीत दिसतं. बेयॉनमधल्या केप लिबर्टी या बंदरातून २००४ पासून क्रूझ सुटतात. एडिसन किंवा जर्सी सिटीतल्या मराठी घरातून तिथे जायला विमान लागत नाही, व्हिसाचा घोळ नाही, पगार डॉलरमध्ये. उन्हाळ्यात आई-बाबा पुण्याहून आले की त्यांना घेऊन बर्म्युडाला पाच-सात रात्रींची फेरी हा आता तिथला शिरस्ताच झाला आहे. अशा घरांतली सून जहाजावर समुद्रातल्या दिवशी काउंटरवर जाते, तारखेचा रकाना मोकळा ठेवून परतावा मिळणारा विसार भरते, आणि पावती ई-मेलमध्ये ‘आई-बाबा २०२७’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकते. तारीख भरायची ती पुण्याहून सासऱ्यांची विमानाची तिकिटं निघाल्यावर.